पोपटाच्या पोटातला डाग

महादेवराव झाडे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या तोंडात पोपटाचं खेळणं होतं. खेळणं म्हणजे लाखेच्या रंगाचा लाल लाकडी चेंडू, चांगला लिंबाएवढा. तो त्यांनी डाव्या गालात धरला होता, डोळे मिटले होते, आणि धोतरावर खाकी कोट घालून ते ओसरीवर मांडी ठोकून बसले होते. मी खोली भाड्याने मिळेल का ते विचारायला गेले होते. घरमालकीण जानकाबाई भोयर यांनी ओठावर बोट ठेवून मला दारातच अडवलं.

"जरासक थांबा मास्तरीनबाई. त्यायचं तपासनं चालू हाये."

वर्धा जिल्हा मुंबई राज्यात आला त्याच्या पुढच्याच वर्षी सेलूच्या मुलींच्या शाळेत माझी नेमणूक झाली होती. मी सातारकडची, पंचवीस वर्षांची. एक ट्रंक, एक वळकटी आणि आपल्याला मराठी येतं हा समज, एवढंच सामान घेऊन उतरले होते. कुणी जप करत असलं की दारात थांबायचं हे मला ठाऊक होतं. कुणी चेंडू चघळत असलं तर काय करायचं हे आमच्याकडे कुणी शिकवलं नव्हतं. पाचेक मिनिटांनी त्या गृहस्थांनी चेंडू तळहातावर काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि जीभ बाहेर काढून जानकाबाईंना दाखवली.

"लाल हाये का?"

"नाई जी. तुमचीच हाये."

"मंग पास," ते म्हणाले, आणि खिशातल्या बाटलीत काडी बुडवून चेंडूच्या दोरीला जांभळा ठिपका दिला. मग चेंडू ओसरीवरच्या पिंजऱ्यात टांगला गेला. आतल्या पोपटाने, त्याचं नाव गंगाराम, चेंडूकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याने मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काऊन?"

मी मास्तरीण. चूक दिसली की ती सुधारल्याशिवाय मला राहवत नाही. मी त्याला म्हटलं, "काऊ नव्हे रे, तू राघू." झाडेजी हसले, जानकाबाई हसल्या, आणि दारामागे तोंडात पदर कोंबून घरची सून शेवंताही हसली. तशी जानकाबाईंनी वळून विचारलं, "काऊन व शेवंते, काऊन हासली?" शेवंता आत पळाली. गंगाराम मात्र पुन्हा म्हणाला, "काऊन?" अशा रीतीने 'का' या प्रश्नाला इकडे काय म्हणतात हे मी पोपटाकडून शिकले, आणि पोपट ते कुणाकडून शिकला हेही त्याच वेळी समजलं. सून विहिरीवरून उशिरा आली की काऊन, लवकर आली की काऊन, भाजीत मीठ जास्त झालं की काऊन. पोपटाला दुसरं काही ऐकायलाच मिळत नव्हतं. खोली मला त्याच दिवशी मिळाली.

झाडेजी सेलूच्या ढोर दवाखान्यात कंपाउंडर होते. डॉक्टरसाहेब वर्ध्याहून आठवड्यातून दोनदा येत. उरलेले दिवस बैलांना बांबूच्या नाळीने औषध पाजणं, खुरांच्या जखमा धुणं आणि म्हशींच्या मालकांची समजूत घालणं हे सगळं झाडेजींकडे असे. दवाखान्याचं रजिस्टर जुन्या मध्य प्रदेशातलं, हिंदीत छापलेलं होतं. त्यात गाय, बैल, भैंस, बकरी, घोडा असे रकाने होते आणि शेवटी एक 'अन्य'. घोड्याचा रकाना कोराच राही, आणि 'अन्य' मात्र भरून समासात सांडलेला असे. एकदा डॉक्टरसाहेबांनी चष्मा वर करून विचारलं, "झाडे, सेलूत ही इतकी अन्य जनावरं आली कुठून?" झाडेजी अदबीने म्हणाले, "उडत आली जी."

त्या काळी दर चौथ्या घराच्या ओसरीवर पिंजरा टांगलेला असायचा. पोपटाला डाळ द्यावी, मिरची द्यावी, नाव शिकवावं, यापलीकडे त्याचं कुणी काही बघत नसे. झाडेजी बघत. त्यांचं म्हणणं असं की पोपट पिंजऱ्यात बसला म्हणजे त्याचं रान गेलं, तेव्हा त्याला चोचीला काम देणं हे आपल्यावर बंधन आहे. "तो खेळून नाई राह्यला बाई, काम करून राह्यला," ते मला समजावत. "चोच म्हंजे त्याचा हात बी अन् दात बी. तुमी हातानं पाह्यता, तो तोंडानं पाह्यते. मंग जे त्याच्या तोंडात जानार, ते आधी माह्या तोंडात जाऊ द्या."

आणि ते खरोखरच जाऊ देत. खेळणं तोंडात धरून रंग सुटतो का ते पाहायचं. मग दाढेखाली धरून चावायचं. तुकडा मोडला तर चालेल, पण गिळण्याजोगा गोळा सुटता कामा नये. मग दोरीची गाठ आणि कडी यांत करंगळी घालायची. करंगळी अडकली की नापास. त्यांच्या जिभेवरून आज ते कुणाच्या घरी जाऊन आले हे गावाला कळत असे. जीभ हिरवी असली तर तेलघाण्याच्या आळीत, गुलाबी असली तर पोस्टमास्तरांकडे. स्वतः ते ज्वारीच्या धांड्याच्या छोट्या गाड्या करून वाटत. पोपट ती गाडी तासाभरात मोडून भुगा करी, आणि झाडेजी तो भुगा कौतुकाने पाहत बसत. "मोडली म्हंजे पास. जे मोडतच नाई त्याच्याशी कोन खेळन?"

जांभळा ठिपका द्यायचं औषध दवाखान्यात जखमेला लावायचं होतं. तेही त्यांनी आधी चाटून पाहिलं होतं, म्हणून अधूनमधून जीभ जांभळीही असे.

करंगळीची परीक्षा एकदा त्यांच्याच अंगावर उलटली. पोस्टमास्तरांच्या पोपटाच्या झोक्याची लोखंडी कडी त्यांच्या करंगळीत गेली ती निघेचना. तेल झालं, साबण झाला, बैलाच्या नाकातली वेसण काढायचा चिमटा झाला. करंगळी वांग्यासारखी सुजली. सरळ लोहाराकडे जायचं, तर हे झोक्यासकट दोन दिवस गावातून फिरले. ज्याच्या त्याच्या ओसरीवर हात वर करून झोका हलवत आणि सांगत, "माहं बोट हाये म्हनून दोन दिवस चाललं. मिठ्ठूची मान असती तं?" तिसऱ्या दिवशी लोहाराने कडी कापली. त्या आठवड्यात सेलूत तेवीस झोक्यांच्या कड्या बदलल्या गेल्या, असं ते सांगत. मी मोजायला गेले नाही.

बाजारच्या दिवशी खेळणीवाल्याची मात्र पंचाईत होई. झाडेजी फटकुरासमोर उकिडवे बसत आणि एकेक खुळखुळा उचलून चावत. खेळणीवाला काकुळतीला येऊन म्हणे, "झाडेजी, घेऊन चावा ना. चावून काऊन ठेवून देता?" पुढे त्याला त्यातली मेख समजली. झाडेजींच्या पुढच्या दाताचा एक टवका उडालेला होता, त्यामुळे त्यांच्या चाव्याची खूण वेगळी ओळखू येई. तो खेळणीवाला ती खूण वर धरून ओरडू लागला, "झाडेजीनं चावलेला खुळखुळा, झाडेजीनं चावलेला." तान्ह्या मुलांच्या आयासुद्धा तोच मागू लागल्या. मला वाटतं, त्या काळात सेलूतल्या निम्म्या मुलांनी झाडेजींनी आधी चाखलेलीच खेळणी तोंडात घातली, आणि ती सगळी सुखरूप मोठी झाली.

हे वेड कुठून आलं, ते मला त्यांनी एकदाच सांगितलं. त्यांचा स्वतःचा एक राघू होता, तो दवाखान्यातच राहायचा. तो काही बोलत नसे, पण डॉक्टरसाहेबांसारखा हुबेहूब खोकायचा. तो खोकला की ओट्यावरचे शेतकरी, शिपाई, स्वतः झाडेजी सगळे ताडकन उभे राहत. झाडेजींनी त्याला हौसेने बाजारातून पितळी घंटी आणून दिली. घंटीचा लोलक जिथे जोडला होता तिथे शिसं मिसळलेल्या कथलाचा जाड थेंब होता. राघूने तो महिनाभर टोकरून टोकरून खाल्ला. पंख फुगवून बसला, मान टाकली आणि आठ दिवसांत गेला. "म्यां देल्ली होती घंटी," झाडेजी म्हणाले, "म्यांच टांगली." पुढे डॉक्टरसाहेब खोकले की झाडेजींच्या डोळ्यांत पाणी येई. डॉक्टरसाहेबांना वाटे, किती आदर करतो हा माणूस.

आता ज्यासाठी मी हे लिहायला घेतलं त्या गोष्टीकडे येते. त्याआधी एका शब्दाबद्दल सांगायला हवं. सेलूत 'डाग' हा शब्द फार ठिकाणी कामाला येई. दुखऱ्या बैलाला तापल्या सळईने देतात तो डाग. झाडेजी तो पाहिला की सळई हिसकावून घेत. गळक्या भांड्याला कथलाने बुजवतात तो डाग. बाईच्या अंगावर सोन्याचा दागिना असतो तोही डागच. आणि बाईच्या नावाला लागतो तो डाग सगळ्यांत वाईट, कारण तो लावायला कुठलाच कारागीर लागत नाही.

शेवंताच्या नाकातली फुली हरवली. लाल खड्याची, सोन्याची, लग्नात सासरहून घातलेली. तिचं म्हणणं, न्हाताना मोरीच्या कोनाड्यात काढून ठेवली होती, बाहेर येऊन बघते तर नाही. पण चारच दिवसांपूर्वी ती माहेरी जाऊन आली होती आणि माहेरी भावाचं लग्न ठरलेलं होतं. जानकाबाईंनी दोन आणि दोन किती होतात ते स्वतःच ठरवलं, फुली तिकडेच गेली असं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी एवढंच म्हटलं, "सोमवारी रेंगी जुपाले सांगतली हाये. माहेरी जाजो. फुली सापडन तई येजो." रेंगी म्हणजे बैलांची हलकी गाडी. नामदेव, म्हणजे शेवंताचा नवरा, आईपुढे उभं राहून बोलणारा नव्हता. तो बैलांचं पाणी बघायला गेला आणि तिकडेच राहिला. मी संध्याकाळी शेवंताला अक्षरं शिकवायची. त्या दिवशी तिने पाटी हातात घेतली नाही. "मास्तरीनबाई, फुलीशिवाय गेली तं माहा बाप इचारन, अन् फुलीशिवाय राह्यली तं आत्याबाई इचारन," ती म्हणाली. इकडे सासूला आत्याबाई म्हणत. मी पाटी आवरून ठेवली, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

ह्या गडबडीत गंगाराम आजारी पडला. रविवारी सकाळी तो पंख फुगवून कोपऱ्यात बसला होता, आणि मुख्य म्हणजे काऊन म्हणेनासा झाला होता. इतक्या प्रश्नांनी भरलेल्या घरात तो एकटाच गप्प होता. मी झाडेजींना बोलावून आणलं.

ते आले आणि पिंजऱ्यासमोर बसले. पिंजऱ्यात एक घंटी होती. तिचा लोलक मागे कधीतरी निखळला होता आणि जानकाबाईंनी झाडेजींना न विचारता दारावर आलेल्या कासाराकडून तो जोडून घेतला होता. जोडावर कथलाचा थेंब होता, निम्मा टोकरलेला. मी शेजारीच उभी होते, मला तो स्वच्छ दिसला. झाडेजी घंटी हातात घेऊन जवळजवळ रडव्या आवाजात मोठ्याने म्हणाले, "जानकाबाई, घात झाला जी. ह्याच्या पोटात डाग गेला."

जानकाबाई आत भाकरी थापत होत्या. तशाच पिठाच्या हाताने बाहेर आल्या. "काय म्हनता? डाग? पोपटाच्या पोटात?"

"हो जी. टोचू टोचू खाल्ला यानं."

जानकाबाईंनी पिठाचे हात पदराला पुसले. मग वळून आत पाहिलं आणि ज्या आवाजात त्यांनी आयुष्यभर काऊन विचारलं होतं त्याच आवाजात, पण जरा फाटलेल्या, म्हणाल्या, "शेवंते, ये व बाहीर. डाग पोपटानं खाल्ला."

शेवंता चौकटीत आली. तिच्या तोंडाकडे मी पाहिलं आणि झाडेजींनीही पाहिलं. पाण्यात बुडणाऱ्याला पायाखाली वाळू लागावी तसं ते तोंड झालं होतं. कुंपणापलीकडे शेजारणी जमल्या होत्या, आणि बातमी त्यांच्याकडून पुढच्या आळीत पोहोचलीसुद्धा होती. आपण कथलाचं बोललो आणि ऐकणाऱ्यांनी सोन्याचं ऐकलं हे झाडेजींना तेव्हा उमगलं. ते सांगणार होते. ओठ उघडले होते. खोटं पास केलेलं खेळणं त्यांच्या हातून कधी गेलं नव्हतं, खोटा शब्द कुठून जाणार. उघडलेल्या ओठांसमोर ती घंटी होती. त्यांनी घंटीच तोंडात घातली.

"खरंच ना झाडेजी? डागच हाये ना?" जानकाबाईंनी विचारलं.

झाडेजींनी मान डोलावली. घंटी वाजली. जानकाबाईंनी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा मान डोलावली, घंटी पुन्हा वाजली. त्या वेळी हसावं का रडावं ते मला कळत नव्हतं. मला इतकंच माहीत आहे की त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडातून देवळातल्यासारखा आवाज येत होता. रेंगी त्या सोमवारी जुंपली गेली नाही. पण जानकाबाई पक्क्या होत्या. "बाजारच्या दिवसापरेंत वाट पाहीन," त्या म्हणाल्या. "तवरोक डाग निंगाले पाह्यजे. नाई निंगाला तं रेंगी हायेच." बाजार गुरुवारी होता.

गंगारामला पिंजऱ्यासकट ढोर दवाखान्यात भरती केलं. दोन बैलांच्या मधोमध खुंटीवर पिंजरा, खाली जुन्या वर्तमानपत्राचा कागद, आणि जानकाबाईंनी धाडलेली मोहरीची चाळणी. झाडेजी ज्वारीची पातळ पेज आणि एरंडेलाचा थेंब देत, ऊब राहावी म्हणून पिंजऱ्याला स्वतःचा कोट घालत, आणि कागदावर जे काही पडेल ते पाण्याने धुऊन चाळत. चार दिवस सेलूत माणसं एकमेकांना रामराम करायच्या ऐवजी विचारत होती, "निंगाला का डाग?" आमच्या मोठ्या बाईंनी प्रार्थनेनंतर मला बाजूला घेऊन हेच विचारलं. नामदेवचा एक चुलतभाऊ येऊन म्हणाला, चिरून पाहिलं तर लवकर निकाल लागेल. झाडेजींनी त्याला नाळीने एरंडेल पाजायची तयारी केली तेव्हा तो गेला.

त्याहून मजा म्हणजे दुसऱ्या बायका येऊ लागल्या. एकीची बुगडी तीन वर्षांपूर्वी हरवली होती. एकीचं लहानपणी नदीत पडलेलं पैंजण होतं. "पाहा ना जी, त्याच्याच पोटात असन." झाडेजी हात जोडून म्हणत, "माय, हा पोपट हाये. सोनाराचं दुकान नाई."

शाळा सुटली की मी तिथे जाई. एकदा मी सरळच विचारलं, "झाडेजी, पोटात कथील आहे हे तुम्हांला ठाऊक आहे. निघालं की काय सांगणार?"

ते बैलाची पाठ चोळू लागले. "मी डाग म्हटलं जी. सोनं नाई म्हटलं. एक बी शब्द खोटा नाई." मग हळूच म्हणाले, "पन मले मालूम हाये, हे नापास हाये. माह्याच तोंडात घंटी घालून म्यां नापास माल पास केला. पन त्या पोरीचं तोंड पाह्यलं ना तुमी?"

गुरुवारी सकाळी, शाळेला जाण्याआधी मी पोहोचले तेव्हा झाडेजी चाळणी हातात धरून बसले होते. चाळणीत राळ्याच्या दाण्याएवढा एक काळपट कण होता. गंगाराम बरा दिसत होता, डाळ सोलत होता. आम्ही दोघांनी त्या कणाकडे पाहिलं. पोपट वाचला याचा आनंद आम्हांला झाला, आणि लगेच रेंगीची आठवण झाली. तिकडे भोयरांच्या दारात ती उभी असणार हे दोघांनाही कळत होतं.

"चला," झाडेजी उठले. "खरं सांगून टाकतो. माह्या तोंडून गेलं, माह्याच तोंडानं फेडतो. पाया पडतो जानकाबाईच्या." त्यांनी पिंजरा उचलला. आणि तो उचलताना आत काहीतरी किणकिणलं.

घंटी तर केव्हाच काढलेली होती. रविवारी पिंजरा आणताना गावाच्या गलक्यात असलं काही ऐकू आलं नव्हतं. झाडेजींनी पिंजरा हलवला. पुन्हा तेच. त्यांनी हात घालून एकेक खेळणं काढलं. चेंडू काढला, तो मुका. धांड्याची चकरी मुकी. मग लाकडी पेरू काढला, पोकळ, हिरव्या लाखेचा, वर दोरी ओवायला भोक असलेला आणि दोरीवर जांभळा ठिपका असलेला. हलवला तसा तो वाजला.

"हा तं खुळखुळा नाई," झाडेजी म्हणाले. "हा काऊन वाजून राह्यला?"

पेरू उलटा करून आपटला, तशी भोकातून शेवंताची फुली त्यांच्या तळहातावर पडली. सकाळी पिंजरा धुताना गंगारामला घरभर हिंडायची मोकळीक असे. मोरीच्या कोनाड्यातली ती चमकणारी वस्तू उचलून त्याने आणली असणार आणि आपल्या पेरूत कोंबून ठेवली असणार. चोर तोच होता. फक्त त्याने माल खाल्ला नव्हता, सांभाळून ठेवला होता.

मला इतका आनंद झाला की मी मास्तरीण आहे हे विसरून टाळी वाजवली. झाडेजी मात्र पेरूकडे पाहत होते. "म्यां पास केला होता," ते म्हणाले. "रंग पाह्यला, चावला, करंगळी घातली. हालवून नाई पाह्यला. फुली चोचीत आली असती, घशात गेली असती. ठिपका माहा हाये."

मी व्यवहारी बाई. मी म्हटलं, "झाडेजी, आता कशाला वाढवता? पोटातून निघाली म्हणून सांगा. सगळं गाव तेच धरून बसलं आहे. शेवंता सुटली, तुमचा शब्द राहिला, तुमचा ठिपकाही राहिला."

वर्गातल्या चुकलेल्या मुलीकडे मी जसं पाहत असे तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरीसाठी घंटी तोंडात घातली, ते येगळं," ते म्हणाले. "माह्यासाठी कशी घालू?"

आम्ही भोयरांकडे गेलो. बाजारच्या वाटेवरची निम्मी माणसं आमच्या मागे आली. दारात रेंगी होती, बैल जुंपलेले, शेवंता हातात गाठोडं घेऊन उभी. झाडेजींनी एका तळहातावर फुली धरली आणि दुसऱ्यावर तो काळा कण. "जानकाबाई, पोटात गेलता तो हा डाग. घंटीचा कथील. म्यां त्या रोजी सांगतलं नाई, हे माहं चुकलं. अन् ही फुली ह्या पेरूतून निंगाली. पोपटानं लपवली होती. सुनबाईनं सांगतलं तेच खरं होतं. अन् हा पेरू म्यां पास केलता. तो नापास हाये. माहा पास नापास झाला." एवढं सगळं त्यांनी भर रस्त्यात, खणखणीत आवाजात, एकही शब्द न गिळता सांगितलं. गर्दीत कुणी हसलं नाही.

जानकाबाईंनी फुली घेतली, पदराने पुसली आणि शेवंताच्या नाकात स्वतःच्या हाताने घातली. फिरकी बसता बसत नव्हती. शेवंता इतके दिवस रडली नव्हती, ती आता रडायला लागली. जानकाबाईंना माफी मागायची होती हे मला दिसत होतं, पण त्यांना तो शब्द कधी लागलाच नव्हता, तो त्यांना सापडेना. शेवटी त्यांच्याकडे होता तोच शब्द त्यांनी जमेल तितक्या हळू आवाजात काढला. "काऊन रडून राह्यली व?"

"काऊन?" पिंजऱ्यातून गंगाराम म्हणाला. चार दिवसांनंतरचा त्याचा पहिला शब्द.

जानकाबाईंनी पिंजऱ्याकडे वळून पाहिलं. "तुले कोनं इचारलं रे चोट्ट्या," त्या म्हणाल्या, आणि मग सगळे हसले. नामदेवने जाऊन बैल सोडले. माझ्या माहितीत, आईला न विचारता त्याने केलेलं ते पहिलं काम.

दुसऱ्या दिवसापासून झाडेजी ओला बोळा घेऊन घरोघर गेले आणि गावातले सगळे जांभळे ठिपके पुसून टाकले. मग पहिल्यापासून सुरुवात केली. चाखणं, चावणं, करंगळी, आणि आता चौथं, हलवून पाहणं. पोस्टमास्तर म्हणाले, अहो, आमची खेळणी तर चांगली होती. झाडेजी म्हणाले, "होती जी. पन मले मालूम नव्हतं."

तीन वर्षांनी माझी बदली झाली, लग्न झालं, सेलू सुटलं. निघताना झाडेजी मोटर स्टँडवर आले होते. माझ्या ट्रंकेची कडी ओढून पाहिली, त्यात करंगळी घातली आणि म्हणाले, "पास. जाजा आता." त्यानंतर त्यांची भेट झाली नाही.

माझी मुलगी वर्षाची झाली तेव्हा सेलूहून एक पुडकं आलं. वर मोठ्या, गोल, मी शिकवलेल्या अक्षरांत पत्ता होता. आत शेवंताचं पत्र.

'मास्तरीनबाईस नमस्कार. झाडेमामाजी मागल्या महिन्यात गेले. शेवटी दात नव्हते. मले बलावत अन् म्हनत, सुनबाई तू चाव अन् मले सांग. मी चावून सांगतलं का ते ठिपका देत. आता समदे पिंजरे माह्याकडं हायेत. जीब रोज लाल निंगते. आत्याबाई काई इचारत नाई. त्या म्हनतात बेस हाये. गंगाराम इचारते. पोरीसाठी खेळनं धाडून राह्यली. चाखलेलं हाये, चावलेलं हाये, हालवलेलं हाये. तरी तुमी एकडाव पाहून घेजा.'

खेळणं म्हणजे लाकडी पेरू. दोरीवर जांभळा ठिपका होता आणि लाकडावर दातांची खूण. टवका उडालेल्या दाताची नव्हती, दुसऱ्या कुणाची तरी होती, बारीक आणि नीटस. मी तो कानाशी धरून हलवला. आत काही वाजलं नाही. मग तोंडात घातला.

यजमान कामावरून आले ते दारातच थांबले. "अगं, काय करते आहेस हे? आणि रडतेस का?"

माझ्या तोंडात खेळणं होतं, म्हणून मला काही सांगता आलं नाही.